रकाना नंबर तीन

मंडे मॉर्निंगची मीटिंग सुरू होती. टार्गेट, डेडलाइन, प्रोजेक्टरवर लाल-हिरवे ग्राफ, सगळं नेहमीचंच. टेबलाखाली मोबाइल थरथरला. मामाचा मेसेज. सोबत एका फॉर्मचा फोटो आणि खाली एकच ओळ : ‘आजीच्या आईचं नाव काय?’

आजी जाऊन सहा दिवस झाले होते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि त्या फॉर्ममध्ये मृत व्यक्तीचं नाव, नवऱ्याचं नाव यांच्यासोबत आईच्या नावाचाही रकाना असतो. मामाला माहीत नव्हतं. मावशीला नव्हतं. आईला फोन केला, तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, ‘‘अगं, आम्ही तर आजीच म्हणायचो ना.’’

सांगायला लाज वाटते. मला माझ्या बॉसच्या कुत्र्याचं नाव माहीत आहे.

आजी पवनीची. म्हणजे भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची पवनी. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत एसटी जाते ती. एवढुशा गावात इतकी देवळं, की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. आजी जन्मली तेव्हा हा भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. तिचं लग्न झालं मध्य प्रदेशात. 1956 ला ती मुंबई राज्यात आली, 1960 ला महाराष्ट्रात. आणि एवढ्या सगळ्या प्रवासात बाई पवनीतून हलली नाही! वय विचारलं, की म्हणायची, ‘‘लई झालं, बाप्पा.’’ घरातल्यांच्या हिशेबाने ब्याण्णव.

घर विणकरांचं. आजोबा लवकर गेले, पदरात पाच पोरं. तोवर आजी कांड्या भरायची. बाईमाणसाचं काम तेच. रहाटावर सूत गुंडाळून द्यायचं, मागावर बसणार पुरुष. आजोबांच्या तेराव्यानंतर ती सरळ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. करवत काठी टसरची साडी पाहिलीय का कधी? काठाला करवतीसारखे दाते असतात. ते दाते म्हणजे छापलेली डिझाइन नव्हे. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे चालतात आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकत जातो. एक अडकवणी चुकली, तर काठ सुटतो. कंदील, पाच पोरं, तीन धोटे. आम्ही याला मल्टिटास्किंग म्हणतो आणि त्याचं ट्रेनिंग एसी हॉलमध्ये घेतो.

सूत व्यापाऱ्याचं, साडीही व्यापाऱ्याची. साडीवर विणणारीचं नाव कुठे असतं? घर आजोबांच्या नावावर, मग मामाच्या. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि रेशनकार्डावर घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख करायचं ठरलं, तेव्हा कुठे आजीचं नाव पहिल्या ओळीवर आलं. ऐंशी ओलांडली होती तिने. ते कार्ड ती उशीखाली ठेवायची. आम्ही हसायचो.

गंमत बघा. पवनीतच जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने खणलं, तर प्राचीन स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी दगड दिला ते वाचता येतं. आणि माझ्या पणजीचं नाव? मामा म्हणाला, ‘‘टाक काहीतरी. लक्ष्मी लिहू.’’

मी शुक्रवारी रजा टाकली. बॉसला कारण सांगितलं ‘पर्सनल’.

अड्याळला आजीची धाकटी बहीण आहे. दात गेलेत, आवाज मात्र खणखणीत. मी विचारलं, तर तिने मला खालून वर न्याहाळलं.

‘‘काहून वं? आता तिले पत्र लिहाचं हाय का?’’

‘‘फॉर्ममध्ये लागतं, आजी.’’

‘‘आमी तं मायच म्हनो. बाप ‘अवो’ म्हने. सासू ‘थोरली’ म्हने.’’ मग ती चहा करायला उठली. बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि मध्येच थांबली. ‘‘नदीवर. नदीवर धुनं धुवाले जात होतो नं आमी तिच्यासंग. तिथं बाया नावानं हाका मारत तिले. घरी कोनी नाई, नदीवर मारत.’’

आणि तिने ती हाक मारून दाखवली. पाण्यापलीकडे जावी अशी, लांबवलेली, मोठ्याने. शेजारची बाई दारात येऊन बघायला लागली. तीन अक्षरी नाव आहे. मला फार आवडलं. इथे छापत नाही, घरचं आहे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर स्वतःच्या नावामागे आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. माझ्या भावाची मुलगी त्यातलीच. तिच्या दाखल्यावर आईचं नाव बघून आजी म्हणाली होती, ‘‘बरं केलं.’’ तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते, कमरेत वाकून मोबाइल चार्जिंगला लावत. विचारता आलं असतं.

फॉर्म अठराव्या दिवशी भरला. नगर परिषदेतल्या माणसाने विचारलं, ‘‘दुसरं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ?’’ मामाने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर येऊन अड्याळला फोन लावला.

‘‘ऱ्हस्व म्हंजे काय वं?’’ पलीकडून आवाज आला. ‘‘मंग आयक.’’ आणि तिने पुन्हा हाक मारली.

दीर्घ आहे.