गीझरचा व्हॉल्व्ह ठिबकतो तेव्हा

थंडी सुरू झाली की गीझर पुन्हा रोजच्या कामाला लागतो आणि थोड्याच दिवसांत तक्रार येते, ‘गीझरखालून पाणी गळतंय!’ बहुतेक वेळा टाकी फुटलेली नसते. थंड पाण्याच्या नळीवर बसवलेल्या छोट्याशा सेफ्टी व्हॉल्व्हमधून ते पाणी येत असते. एखादा घाईतला प्लंबर म्हणतो, ‘ताई, बूच मारून देतो, गळती बंद.’ हे मात्र कदापि करू देऊ नये.

पाणी तापले की फुगते. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापले, तर सुमारे दीड टक्का वाढते. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ जवळजवळ ३७५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोनेक कप. नळ बंद, मागे जायची वाट व्हॉल्व्हने अडवलेली. मग हे पाणी जाणार कुठे? ते थेंबाथेंबाने बाहेर पडते. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिले, तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी वाटही हीच.

म्हणून आधी ठिबकणे केव्हा होते ते पाहावे. गीझर चालू असतानाच चार थेंब पडत असतील, तर काळजी नको. गार असतानाही धार लागत असेल, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा किंवा क्षार अडकलेले असतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हे फारच आढळते. मेन स्विच बंद करावा, पाणी गार होऊ द्यावे, खाली बादली ठेवून व्हॉल्व्हची दांडी (असल्यास) काही सेकंद उचलावी. पाण्याच्या जोराने घाण बऱ्याचदा निघून जाते. नाहीच थांबले, तर व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. गीझरवर लिहिलेल्या दाबाचाच घ्यावा. जास्त दाबाचा ‘मजबूत’ म्हणून बसवणे धोक्याचे.

नवा व्हॉल्व्हही गळू लागला, तर दोष पाण्याच्या दाबाचा असू शकतो. टाकी १० मीटर उंच असली की साधारण १ बार दाब येतो. उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असलेल्या घरांत तो बराच वाढतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

व्हॉल्व्हमधून कढत पाणी, वाफ येऊ लागली, तर जवळ न जाता मेन स्विच बंद करावा आणि थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय गीझर लावू नये. व्हॉल्व्हची नळी मोरीकडे उतरती, तोंड उघडे असलेली हवी. तिला तोटी बसवू नये.