अंकल म्हणजे मामा

धुळ्या-जळगावात हल्ली काका, मामा, मावसा, फुवा या चौघांनाही एकच हाक मिळते: अंकल. ‘त्यात वाईट काय?’ असं विचारणाऱ्यांशी मला भांडायचंय. भांडण अस्मितेचं नाही. तुमचा लाडका शब्दच चुकीच्या माणसाला चिकटलाय.

‘अंकल’ लॅटिनमधल्या ‘अवुंकुलुस’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘अवुस’ म्हणजे आजोबा, पुढचा प्रत्यय लहानपणा दाखवणारा. ‘छोटे आजोबा’, पण अर्थ फक्त आईचा भाऊ. मामा! काकासाठी रोमन लोकांकडे ‘पात्रुउस’ होता, बापावरून आलेला, संस्कृतातल्या ‘पितृव्य’सारखा. ‘आंटी’चं मूळ ‘अमिता’, म्हणजे आत्या, आमची फुई. मावशीला वेगळा शब्द होता, ‘मातेर्तेरा’. मुळावर गेलं तर अंकल-आंटी हे जोडपंच नाही. एक आईकडचा, एक बापाकडची. शेजारच्या नवरा-बायकोला खुशाल म्हणा.

रोममध्ये कडक माणसाला पात्रुउसची उपमा देत. हे आम्हाला समजावायला नको. सातबाऱ्यावर काकाचं नाव, बांधावरून वाद काकाशी. मामाला त्या शेतात वाटा नाही. तो आखाजीला आईला माहेरी न्यायला येतो, भाचीच्या लग्नात तिच्या पाठीशी उभा राहतो.

व्याकरणसुद्धा या नात्यांना मान देतं. घोड्याला, आंब्याला असं शब्द वाकवतो आपण. पण काकाला, मामाला म्हणताना ते जसेच्या तसे. अहिराणीत ‘मामाले’, ‘मामाना पोऱ्या’. आता ‘अंकलना पोऱ्या’ म्हटल्यावर काय समजायचं? चुलतभाऊ की मामेभाऊ? महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काकाची मुलगी सख्ख्या बहिणीसारखी. हा घोळ परवडेल?

परके शब्द घेऊच नयेत, असं माझं म्हणणं नाही. स्टेशन घेतलं, मोबाईल घेतला, कारण वस्तू नवी होती. इथे इंग्रजीनं चार नात्यांचे दोन शब्द करून ठेवले आणि ती तूट आपण ऐट म्हणून घरात आणली. वर ज्यांच्या तोंडी भेद शिल्लक आहे, त्यांना गावंढळ ठरवलं. माझी भाची शाळेत ‘फुई’ म्हणाली तर वर्ग हसला. मॅडमनी ‘आंटी’ शिकवलं. माझ्यापुरता तो शब्द लॅटिननुसार बरोबरच निघाला. पण मावशीलाही ती तेच म्हणते, आणि आम्ही दोघींनी एकदम ओ दिली की आमच्यावरच चिडते.