मातीला कोण जाणार?

२०२१ मध्ये १३ एप्रिलला गुढीपाडवा झाला. १४ तारखेला पहिला रोजा आला, त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती होती आणि त्याच रात्री आठ वाजता राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. गुढी उभी राहिली, पण सणाला कुणी कुणाकडे गेले नाही. जयंतीची मिरवणूक निघाली नाही. रमजानची तरावीहची नमाज घराघरांत, बैठकीच्या खोलीत चटई अंथरून झाली. तीन समाजांचे तीन मोठे दिवस दोन दिवसांत आले आणि तिघांनीही ते दार लावून घेऊन साजरे केले.

२०२० चा रमजानही असाच होता. २५ एप्रिल २०२० ला पहिला रोजा आणि २५ मेला ईद, दोन्ही लॉकडाऊनमध्ये गेले. तरीही दोन्ही रमजानमध्ये मोठा फरक होता. २०२० मध्ये घराघरांत चर्चा होती ती बंद मशिदींची, ईदच्या न झालेल्या खरेदीची, थांबलेल्या यंत्रमागांची. २०२१ मध्ये इफ्तारच्या आधी फोन वाजला की घरातली माणसे एकमेकांकडे बघत. ऑक्सिजनचा बेड, रेमडेसिविर, व्हेंटिलेटर हे शब्द आजीच्याही तोंडी बसले होते. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. तो आठवा रोजा होता. त्या संध्याकाळी खजूर हातात घेतलेल्या किती माणसांना तो घशाखाली उतरवता आला नसेल!

मराठीत अंत्यविधीला जाण्याला ‘मातीला जाणे’ म्हणतात. इथला मुसलमान घरात दखनी बोलतो, तोही ‘मिट्टी को जाना’ असेच म्हणतो. एकाकडे चिता पेटते, दुसऱ्याकडे कबर खोदली जाते, पण शब्द दोघांनी एकच ठेवला आहे. गावात कितीही वैर असो, मातीला जायचे असते, हा दोघांचाही रिवाज. या साथीने घाव घातला तो नेमका त्या रिवाजावर. सख्खा भाऊ मातीला येऊ शकत नव्हता, मुलगा विलगीकरणात होता, बायकोला शेवटचे तोंड बघायला मिळत नव्हते. निर्बंधांनी अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा घातली खरी, पण पुष्कळ मयतींना पाच माणसेही जमली नाहीत. मग खांदा कोण देणार?

या प्रश्नाला इस्लामी धर्मशास्त्रात एक जुने उत्तर आहे. कर्तव्ये दोन प्रकारची असतात. एक ‘फर्ज-ए-ऐन’, म्हणजे ज्याचे त्याने करायचे. नमाज, रोजा यात येतात. माझा रोजा तुला धरता येत नाही. दुसरे ‘फर्ज-ए-किफाया’, म्हणजे सगळ्या वस्तीवरचे कर्तव्य. त्यातल्या काहींनी ते पार पाडले तर सगळ्यांचे ओझे उतरते. पण कुणीच पुढे आले नाही, तर दोष एकट्यादुकट्याचा राहत नाही. ज्यांना ज्यांना करता येत होते, त्या सगळ्यांच्या माथी तो बसतो. मयताला आंघोळ घालणे, कफन देणे, जनाजाची नमाज आणि दफन ही या दुसऱ्या प्रकारातली कामे. म्हणजे अनोळखी माणसाचे प्रेत रुग्णालयाच्या शवागारात पडून असेल, तर तो हिशेब त्याच्या नातेवाइकांपुरता राहत नाही.

ही कल्पना केवळ मुसलमानांना कळेल अशी नाही. २०२० मध्ये आषाढीला पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकीच माणसे. लाखो वारकरी घरी बसले आणि त्या मोजक्यांनी सगळ्यांच्या वतीने विठ्ठलाचे दर्शन घेतले. ती वारी कुणाची चुकली असे कुणी म्हटले नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत मुक्काम करायची ‘एतिकाफ’ची प्रथाही अशीच आहे. मोहल्ल्यातला एक जण बसला तरी सगळ्या मोहल्ल्याच्या वतीने ती पाळली जाते. मशिदी भाविकांना बंद असताना ही सवलत किती उपयोगी पडली, हे २०२१ च्या रमजानमध्ये दिसलेच.

पण एतिकाफला बसणे आणि करोनाची मयत उचलणे यात अंतर आहे. २०२० मध्ये तर हे काम करू द्यायचे की नाही, हाच वाद होता. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेचे परिपत्रक निघाले, की करोनाने गेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. त्याच दिवशी ते बदलावे लागले. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात असे दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २२ मे २०२० ला ती मागणी फेटाळली. प्रेतापासून साथ पसरते याला आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय. भीती खोटी नव्हती, पण तिला शास्त्राचा पाया नव्हता.

अकोल्यात कच्छी मेमन जमातच्या कार्यकर्त्यांनी २०२० पासून हे काम हाती घेतले. मयत मुसलमानाची असेल तर दफन. हिंदूची असेल आणि घरचे येऊ शकत नसतील, तर स्मशानभूमीत त्या धर्माच्या रीतीने अग्नी. राज्यात इतरत्रही असे गट उभे राहिले. त्यांचे काम लांबून जेवढे वाटत होते तेवढे सोपे नव्हते. तेव्हाच्या सरकारी नियमाप्रमाणे प्रेताला आंघोळ घालता येत नव्हती, स्पर्श करता येत नव्हता. मग पाण्याच्या ‘गुस्ल’ऐवजी मातीने शुद्ध होण्याची ‘तयम्मुम’ची सोय धर्मात आहे, तिचा आधार घ्यायचा. अंगात पीपीई किट, डोळ्यांवर गॉगल, आत घामाच्या धारा. विदर्भातले एप्रिल-मेचे ऊन, पारा चाळिशीच्या पुढे, आणि त्यात रोजा. किट एकदा चढवले की ते उतरेपर्यंत तोंडावर पाण्याचा हबकाही मारता येत नसे. ज्याला झेपत नाही त्याने रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढावा, एवढी मुभा धर्म देतो. तरी रोजा धरूनच कबरीत उतरणारी तरुण पोरे होती. त्यांच्या आया दारात गरम पाण्याची बादली ठेवून वाट बघत.

या कामाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, मोबाइलवरही फिरली. ‘मुस्लिम तरुणांनी दिला हिंदू वृद्धाला अग्नी’ हा मथळा वाचून पुष्कळांचे डोळे पाणावले. त्या पाण्यात खोट नाही. पण शेजाऱ्याच्या मातीला जाणे ही बातमी का व्हावी? ज्यांच्याकडून ते अपेक्षितच नव्हते, त्यांनी केले म्हणून ना? याच तरुणांच्या समाजाकडे २०२० च्या एप्रिलमध्ये वेगळ्याच नजरेने पाहिले गेले होते. दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि भाजीच्या गाडीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे स्पष्ट नोंदवले. एप्रिलमधला आरोप पहिल्या पानावर होता. ऑगस्टमधला निकाल किती घरांत पोचला? गाडीवाल्याला नाव विचारणाऱ्यांपैकी कुणी पुन्हा त्याच्याकडे जाऊन भाजी घेतली असेल, तर ती मात्र खरी बातमी. असो.

पैशांचेही असेच आहे. इचलकरंजीतल्या मुस्लिम समाजाने २०२० च्या रमजानमध्ये ईदचा खर्च आटोपता घेतला आणि ३६ लाख रुपये गोळा करून तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयाला अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ईदच्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी दूरसंवादाने त्याचे उद्घाटन केले. २०२१ मध्ये नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी ऑक्सिजनचे टँकर पदरच्या पैशाने आणवले. सरकार खर्च द्यायला तयार होते, पण ही माझी रमजानची जकात समजा, म्हणून त्यांनी तो घेतला नाही.

यावर मोहल्ल्यात एक वाद आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. जकात ही गरीब माणसाच्या हातात, त्याच्या मालकीची म्हणून पडली पाहिजे, ती इमारतीला किंवा यंत्राला लावता येत नाही, असे बहुतेक हनफी उलेमा मानतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. त्या अटीमुळेच विधवेच्या घरात पीठ पोचते, नाहीतर सगळी जकात संगमरवरी पाट्यांत गेली असती. पण जकातीशिवाय सदका आहे, इमदाद आहे. ईदच्या कपड्यांवर, इफ्तार पार्ट्यांवर, मशिदीच्या नव्या मिनारावर जो पैसा जातो, त्याला कुठलीच अट नाही. तो पैसा ऑक्सिजनकडे वळवायला फतवा लागत नाही. बिल भरता न आलेल्या गरीब रुग्णाच्या हाती तर जकातही देता येते, मग त्याने ती औषधाला खर्चावी.

हे सगळे कौतुकाचे झाले. आता जे कौतुकाचे नाही ते. मयत उचलायला पुढे येणाऱ्या याच समाजात तपासणीला जायला माणसे तयार नव्हती. ‘दवाखान्यात नेले की परत येत नाही’ ही अफवा २०२० मध्ये मालेगावपासून सोलापूरपर्यंत फिरली. खोकला लपवला गेला, ताप पॅरासिटामॉलवर काढला गेला आणि माणूस दवाखान्यात पोचला तो श्वास लागल्यावरच. मग तो खरोखरच परत आला नाही आणि अफवेला नवा पुरावा मिळाला. २०२१ मध्ये लशीबद्दल तेच चालले. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. डोस पुरेसे नव्हते ही सरकारची अडचण झाली. पण ४५ वर्षांवरचे जे ‘रमजान होऊ द्या, मग बघू’ म्हणून थांबले, त्यांची अडचण कोणती होती? स्नायूत घेतलेल्या सुईने रोजा तुटत नाही, असे उलेमांनी वारंवार सांगितले आहे. ते सांगून झाले तरी ‘नशिबात असेल ते होईल’ हे वाक्य शिल्लक राहतेच.

नशिबाचा हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच विचारून झाला आहे. सातव्या शतकात शाम देशात, म्हणजे आजच्या सीरिया-पॅलेस्टाईनच्या भागात प्लेग पसरला होता. खलिफा उमर तिकडेच निघाले होते. वाटेत साथीची बातमी आली तेव्हा त्यांनी सोबत्यांशी सल्लामसलत केली आणि मागे फिरायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा यांनी त्यांना टोकले, की हे अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळणे नाही का? होय, एका नशिबाकडून दुसऱ्या नशिबाकडे, अशा अर्थाचे उत्तर उमर यांनी दिले. साथ असेल तिथे जाऊ नये आणि असलेल्या ठिकाणाहून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवणही तेव्हा एका सोबत्याने सांगितली. नशीब मानणारा माणूस सुई टाळतो तेव्हा तो उमर यांच्यापेक्षा मोठा श्रद्धावान ठरत नाही.

मयत उचलणे जर साऱ्या वस्तीचे कर्तव्य असेल, तर मयती कमी व्हाव्यात म्हणून दंडावर सुई टोचून घेणे त्यात का बसू नये? कब्रस्तानातल्या दहा पोरांवर सगळ्या शहराचे ओझे टाकून बाकीच्यांनी मोकळे व्हायचे, हा किफायाचा अर्थ नव्हे. काहींनी केले की सगळ्यांचे उतरते हे खरे, पण जेवढी माणसे लागतात तेवढी पुढे आली तरच. या साथीत दहा पुरत नव्हते.

त्या दहांचे तरी काय? रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला निदान हुद्दा आहे, हजेरी आहे. कबर खोदणारा आणि स्मशानात लाकडे रचणारा हे दोघेही बहुतेक ठिकाणी रोजंदारीवर. स्वयंसेवक तर कुठल्याच कागदावर नव्हते. त्यांना काही झाले तर वाली कोण? नगरपालिकेने हिंदू-मुसलमान-बौद्ध-ख्रिस्ती अशा सगळ्या अंत्यविधीच्या कार्यकर्त्यांची एकच यादी करावी, त्यांना लस आधी द्यावी, किट स्वतः पुरवावे, विम्याचा हप्ता भरावा. मशिदीच्या कमिटीने आणि मंदिराच्या ट्रस्टने मिळून त्यासाठी थोडी थोडी रक्कम काढली, तर पालिकेला पैसे नाहीत म्हणायला जागा उरणार नाही.

दुसरे काम त्याहून लहान आहे. ईदच्या सकाळी नमाजनंतर लोक कब्रस्तानात जाऊन आपल्या माणसाच्या कबरीवर फातिहा वाचतात. सगळे खुले झाल्यावर साथीत मातीला येऊ न शकलेली मुले, बायका, भाऊ तिथे येतील आणि विचारतील, आमची कबर कोणती? ओळीने एकसारखे उंचवटे, कुठे विटेवर खडूने लिहिलेले नाव, पहिल्याच पावसात पुसून जाणारे. कोण कुठे आहे हे बहुतेक ठिकाणी कबर खोदणाऱ्याच्या डोक्यात किंवा त्या पोरांपैकी एखाद्याच्या खिशातल्या वहीत आहे. ती वही मागून घेऊन कुणीतरी तिची नीट नक्कल करावी, एक प्रत कब्रस्तानाच्या कमिटीत, एक पालिकेत ठेवावी.