ऑर्केस्ट्राला पगार कोण देणार?

आमच्या शिरगावात काय किंवा अख्ख्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात काय, ‘ऑर्केस्ट्रा आहे’ म्हटलं की डोळ्यासमोर येतो गणपतीतला स्टेज, एक निवेदक, दोन-तीन गायक, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. मूळ गाण्यातली व्हायोलिनं सगळी कीबोर्डच्या पोटात. मजा येते, नाही कशाला म्हणू! पण मूळ रेकॉर्डिंगला तिथे खरी माणसं बसलेली असायची. त्यातल्या एकानं १९५८ साली या माणसांचा स्वतंत्र ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्याचं नाव तुम्ही हजारदा ऐकलंय. तो माणूस खरा होता, एवढंच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७, गाव गोव्यातलं माजोर्डा. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. अशी शिकलेली मंडळी पोटासाठी मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाला आयताच ऑर्केस्ट्रा मिळाला. संगीतकार चाल सांगणार, अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देणार, अशी पद्धत. गोन्साल्विस व्हायोलिन वाजवायचे, अरेंजिंग करायचे आणि शिकवायचेही. प्यारेलाल त्यांचे शिष्य. म्हणून तर ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) गुरूचं नाव गाण्यात आलं.

पण मला त्या गाण्यापेक्षा १९५८ महत्त्वाचं वाटतं. गोन्साल्विसनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ काढला. रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना, वाजवायला पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यमेळ आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! म्हणजे ना धड शास्त्रीय, ना धड फिल्मी. कुणालाही कळेल असं, पण नीट बांधलेलं संगीत. वादक होते, लिहिणारा होता, गळेही होते. तरी ते टिकलं नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर माजोर्ड्यात शांतपणे राहिले आणि २०१२ साली गेले.

‘आपल्या लोकांना कदरच नाही’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही. कदर नसती तर गाण्यात नाव आलं असतं का? कमी पडला तो महिन्याचा पगार.

जर्मनीत बघा. म्युनिकच्या रेडिओनं १९५२ साली एक ऑर्केस्ट्रा सुरू केला, म्युन्शनर रुंडफुंकऑर्केस्टर. पहिले मुख्य संचालक वेर्नर श्मिट-ब्योल्के. वाजवायचे ऑपेरेटा आणि हलकंफुलकं अभिजात. ते सगळे मोझार्ट होते म्हणून नव्हे, तर श्रोत्यांच्या रेडिओ फीमधून पैसा येत राहिला म्हणून तो ऑर्केस्ट्रा आजही वाजतोय. संचालक बदलले, खुर्च्या राहिल्या.

गंमत म्हणजे त्याच १९५२ साली आपल्या आकाशवाणीनंही दिल्लीत वाद्यवृंद काढला, रविशंकरांच्या हाताखाली. म्हणजे कल्पना आपल्याकडेही होती. पण मुंबईच्या सिनेमातल्या वादकाला मिळायचे ते रेकॉर्डिंगचे पैसे. काम असेल त्या दिवशी पैसे, नसेल तर नाही. अशा माणसानं सिंफनीच्या तालमीला कधी आणि कशाच्या जोरावर यायचं? पुढे सिंथेसायझर आला आणि ते रेकॉर्डिंगही आटत गेलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही अशा लायब्रऱ्या असतात. सगळं जग वापरतं, सांभाळणारा एकच, तोही हौसेवर. तो थकला की संपलं.

आता कुणी म्हणेल, बदलापूरकराला आधी वेळेवर लोकल द्या, मग व्हायोलिन. अगदी मान्य! पण मी नवा पैसा मागतच नाहीये. मंडळं, नगरसेवक, प्रायोजक दर वर्षी गणपती-नवरात्रात गाण्यांच्या कार्यक्रमांवर खर्च करतातच. तो एका रात्रीत उडतो. कल्याण ते बदलापूरच्या चार-पाच मंडळांनी त्यातला थोडा भाग एकत्र करून पंधरा वादकांना वर्षभर तालमीचं मानधन दिलं तर? एक व्हायोलिन शिकवणारा, एक अरेंजर, बाकी इथलीच पोरं. पहिल्या वर्षी बेसूर वाजवतील. वाजवू देत. म्युनिकवाल्यांच्या मागे सत्तर वर्षांहून जास्त तालीम आहे.

गोन्साल्विसना मानवंदना द्यायला आणखी एक गाणं नको. पंधरा खुर्च्या हव्यात, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मानधन.