जबड्याचा सांधा जखडला तर

हुलसूरहून एका मातेचे पत्र आले आहे. तिची आठ वर्षांची कन्या तोंड उघडू शकत नाही. वरच्या व खालच्या दातांमध्ये करंगळीदेखील शिरत नाही. भाकरी आमटीत कुस्करून, पडलेल्या दाताच्या फटीतून बोटाने आत सारावी लागते. एरवी आंबील, पेज आणि वरणाचे पाणी. हनुवटी आत गेली आहे व एका बाजूस कलली आहे. शाळेतील मुले तिला चिडवतात. गावच्या एका हाडवैद्याने तेल चोळून पाहिले आणि दोनदा बळजबरीने तोंड ताणले, त्या रात्री पोर तळमळली. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. घरातील वडीलधारी म्हणतात, मुलीची जात, चेहऱ्यावर शस्त्र नको, वयात आली म्हणजे पाहू. आणि पत्राच्या शेवटी तिचा खरा प्रश्न आहे : येत्या वर्षी मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा विधी आहे, तिने तो कसा घ्यावा?

पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे, आणि सर्व कथेचे मूळ तेथेच आहे. तीन वर्षांची असताना ही मुलगी ओट्यावरून हनुवटीवर आपटली होती. चार टाके पडले, आठवड्यात जखम भरली आणि सर्वजण ती गोष्ट विसरून गेले.

वाचकांनी आपले बोट कानासमोर ठेवून तोंड उघडून मिटून पाहावे. बोटाखाली काही सरकल्यासारखे वाटेल, तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे हाड घोड्याच्या नालेसारखे असून त्याची दोन्ही टोके दोन्ही कानांसमोर कवटीला टेकतात. हनुवटीवर बसलेला मार तेथेच थांबत नाही. हाडातून वर जाऊन त्या टोकांवर आदळतो. लहान मुलाचे ते टोक कोवळे असते, ते चिरडते, सांध्यात रक्त साकळते. दुखते म्हणून मूल तोंड हलवीत नाही आणि न हलणाऱ्या सांध्यात त्या रक्ताचे हळूहळू हाड बनते. जबडा व कवटी यांचा एक सांधा राहत नाही, एक हाड होते. पडण्याखेरीज कानातील जुना पू सांध्यापर्यंत पोहोचला तरी असेच होते आणि काही प्रकारच्या संधिवातातही होते. परंतु आपल्या देशात बालपणीचे पडणे हेच मुख्य कारण आढळते.

जबड्याची वाढही बव्हंशी याच टोकावर अवलंबून असते. म्हणून एका बाजूचा सांधा जखडला की हनुवटी त्याच बाजूला वळते, आणि दोन्ही जखडले तर ती मागेच राहते. मागे राहिलेल्या जबड्याबरोबर जीभही मागे जाते व घशातील श्वासाची वाट अरुंद होते. अशी मुले झोपेत मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास अडकून दचकून उठतात आणि दिवसा पेंगतात. या भगिनीने घोरण्याविषयी काही लिहिलेले नाही. तिने चार रात्री जागून मुलीची झोप पाहावी व ते डॉक्टरांस सांगावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

आता शस्त्रक्रियेविषयी. जे हाडाने जखडले ते तेलाने सुटत नाही, आणि ताणल्याने तर दात व जबडा यांनाच इजा होते. 1840 साली न्यूयॉर्कच्या कार्नोखन नावाच्या शस्त्रवैद्याने जखडलेल्या जबड्यात फट पाडून तीत लाकडाचा तुकडा बसविला होता. आज ते वाचून अंगावर काटा येतो. पण त्याने ओळखलेले सूत्र खरे होते : नुसती फट पाडून भागत नाही, मध्ये काही घातले नाही तर हाड पुन्हा हाडास मिळते. आपल्याकडे चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. सॉनी यांनी 1986 साली अशा 70 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि सांधा किती जखडला आहे यावरून त्याचे चार प्रकार पाडले. ते प्रकार शस्त्रवैद्य आजही वापरतात.

शस्त्रक्रियेत पहिली अडचण भूल देण्याची. तोंडच उघडत नसल्याने श्वासनळी नेहमीप्रमाणे तोंडातून घालता येत नाही. बारीक, लवचीक दुर्बिणीच्या साह्याने ती नाकातून घालावी लागते. म्हणून अशा कामात सरावलेला भूलतज्ज्ञ जेथे आहे तेथेच ही शस्त्रक्रिया करावी. छेद कानासमोर घेऊन वर केसांत नेतात, त्यामुळे व्रण सहसा झाकला जातो. वडीलधाऱ्यांची चेहऱ्याविषयीची धास्ती यापुढे फारशी उरू नये. चेहऱ्याच्या स्नायूंस हालविणारी नस मात्र तेथूनच जाते व तिला जपावे लागते. हा धोका शस्त्रवैद्यास स्पष्ट विचारून घ्यावा. जुळलेले हाड काढून सुमारे एक ते दीड सेंटिमीटरची फट करतात, तीत कानशिलाच्या स्नायूचा पडदा किंवा पोटावरील चरबी बसवितात. वाढत्या मुलाच्या बाबतीत बरगडीचा तुकडा, त्याच्या टोकाच्या कूर्चेसह, घालून नवे टोक घडविण्याचीही रीत आहे. प्रौढांसाठी धातूचे कृत्रिम सांधे आले आहेत. वयात येईपर्यंत थांबावे काय? नाही. जबडा जितकी वर्षे जखडलेला, तितका चेहरा अधिक वाकडा व श्वास अधिक अरुंद.

मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयातील डॉ. नीलम आंद्राद व त्यांचे सहकारी यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेला निबंध या मातेच्या विशेष उपयोगाचा आहे. ज्या मुलांत जखडलेला सांधा, लहान जबडा आणि झोपेत अडणारा श्वास ही तिन्ही एकत्र असतात, त्यांचा सांधा आधी मोकळा करू नये, असे त्यांचे म्हणणे. आधी जबडा लांबवावा. हाडास काप देऊन त्यावर स्क्रूचे यंत्र बसवितात व काही दिवसांनी ते रोज सुमारे एक मिलिमीटर फिरवितात. फटीत नवे हाड भरत जाते. श्वासाची वाट मोकळी झाली की मग सांध्याची शस्त्रक्रिया. कारण असे की, लहान जबड्याचे मूल तोंड उघडू लागले की जबडा आणखी मागे जातो व त्याचा जीव गुदमरतो. मग ते व्यायाम टाळते आणि सांधा पुन्हा जखडतो. आपण मात्र त्यास हट्टी म्हणून रागावतो.

व्यायाम म्हणजे निम्मी शस्त्रक्रिया होय, आणि ती घरी आईने करावयाची असते. जखम ओली असतानाच, थोड्याच दिवसांत, दातांमध्ये लाकडी पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून किंवा तोंड उघडण्याचे साधन वापरून जबडा ताणण्यास सांगतात. दिवसातून अनेक वेळा, आणि महिनोन्‌महिने. वर्षभर आणि पुढेही. मूल रडते. आजी मध्ये पडते, "राहू दे ग बाई आजच्या दिवस," म्हणते. त्या आजच्या दिवसाचे चार दिवस होतात, आणि सहा महिन्यांनी तोंड पूर्ववत मिटलेले असते. दुसऱ्या खेपेची शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते. मुलीची स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक दातांमध्ये मावतात की नाही, हे दर रविवारी मिस्साहून आल्यावर पाहावे व भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावे. माप घटू लागले तर पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

हुलसूरच्या मंडळींस फार दूर जाण्याचे कारण नाही. बीदर, कलबुर्गी आणि लातूर या तिन्ही ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. तेथील मुख व जबडा शस्त्रक्रिया विभागात प्रथम दाखवावे. सीटी स्कॅन झाल्यावर, येथेच करावयाचे की मोठ्या शहरी पाठवावयाचे, ते त्यांनाच ठरवू द्यावे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचे कार्ड बरोबर असावे व ही शस्त्रक्रिया त्यात बसते काय, हे आधीच विचारावे. लातूरला जाणाऱ्यांनी तर हे अवश्य विचारावे. आपण सीमेवरची माणसे, बोली एक असली तरी सरकारी कागद दोन राज्यांचे.

आणि ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्या सर्वांस : हनुवटीवर पडून जखम झाली असेल तर टाके घालणाऱ्या डॉक्टरांस कानासमोरचा सांधाही तपासावयास सांगा. पुढील काही महिने मुलाची तीन बोटे तोंडात मावतात की नाही, हे पाहत राहा.

राहिला ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न. त्यासाठी शस्त्रक्रियेची वाट पाहावयास नको, आणि विधीसाठी शस्त्रक्रियाही पुढे ढकलावयास नको. पवित्र भाकरीचा अगदी लहानसा कण दाताच्या फटीतून देता येतो. तेही न जमल्यास 1983 च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील 925 व्या नियमाने, गरज असेल तेव्हा, केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मोकळीक आहे. आपल्या फादरांची आधी भेट घ्यावी, मुलीलाही बरोबर न्यावे, आणि चमच्याने देणे तिला सोपे पडते की आणखी कसे, हे तिलाच सांगू द्यावे.