पाच टक्क्यांची हमी

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी हा तपशील आपल्याला शाळेपासून पाठ असतो. पुढच्याच वर्षी ही गाडी कल्याणपर्यंत गेली. पण ती कोणाच्या पैशाने आणि कोणत्या अटीवर धावली, हे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. घरी विचारायची सोयही नव्हती.

जी. आय. पी. रेल्वे ही लंडनची कंपनी, भागधारक बहुतेक इंग्रज. त्यांच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. उत्पन्न कमी पडले तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्या रयतेच्या खिशातून, भरून निघायचा. ज्या मुरबाडला आजही रेल्वे पोहोचलेली नाही, तेथल्या कुळानेही तिचा तोटा सोसला म्हणायचा! शिवाय व्याज पक्के असल्यावर काटकसर कोण करील?

दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीचे निःसारण म्हटले, ते हेच. त्यांच्याही आधी, १८४१ साली, भास्कर पांडुरंग तर्खडकर या पंचविशीतल्या मराठी तरुणाने ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रे लिहून इंग्रजी राज्यातील या लुटीवर बोट ठेवले होते.

“पण रेल्वे तर मिळाली ना?” असे मित्र म्हणतात. मिळाली, आणि मी रोज तिला लोंबकळतच कॉलेजला येतो. माझे म्हणणे एवढेच की नफा तिकडे आणि धोका इकडे, ही वाटणी अजून मोडलेली नाही.

जर्मनी, स्वित्झर्लंड, ब्रिटन ही एकेकाळी कृत्रिम रंगांची माहेरघरे. तिकडे मजुरी वाढली, प्रदूषणाचे कायदे कडक झाले आणि हा धंदा बराचसा भारत-चीनकडे सरकला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतही रंग-रसायनांचे कारखाने आहेत. माझे वडील अशाच एका कारखान्यात पाळीवर जातात. त्यांच्या रुमालाला लागलेल्या रंगावरून आई ओळखते, या आठवड्यात कोणता माल चालू आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी या वसाहतीत स्फोट झाले, माणसे गेली, दूरच्या घरांच्या काचा फुटल्या. सारा दोष परदेशाच्या माथी मारणे लबाडीचे होईल. मालक आपले, तपासनीसही आपलेच. तरीही स्वस्त मालासाठी घासाघीस करणारा तिकडचा खरेदीदार या हिशेबात कोठेच येत नाही.

आणि हिशेबाचे नियम कोण ठरवतो? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत अमेरिकेची मते सुमारे साडेसोळा टक्के, भारताची पावणेतीनही नाहीत. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. म्हणजे एकट्या अमेरिकेने मान हलवली की ठराव अडलाच. १९९१ साली सोने गहाण टाकून आपणही याच दारात उभे होतो. ज्याची जमीन जास्त त्याला मते जास्त, असे कोणी आपल्या ग्रामपंचायतीत सुचवले तर लोक त्याला सभेतून उठवतील.

अर्थशास्त्र मंडळाने या हमीच्या करारावर एक चर्चा ठेवावी. एप्रिलात परीक्षा असतात, तेव्हा जानेवारीतच ठेवावी. दुपारची पाळी नसली तर मी वडिलांनाही घेऊन येईन.