विदर्भाचे यश उसनवारीचे नव्हे

संपादक महोदय,

'रणजी म्हणजे मुंबईच' हे आपल्याकडे छापून आलेले मत एकांगी आहे. मुंबईची ४२ विजेतेपदे कोणी नाकारत नाही. पण विदर्भ उसन्या खेळाडूंवर जिंकतो, हे अर्धसत्य झाले. वसीम जाफर बाहेरून आला, हे खरे; तत्कालीन कर्णधार फैज फजल आणि २०१७-१८च्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी मात्र विदर्भातच घडले. २०२४-२५च्या उपांत्य फेरीत रहाणे, सूर्यकुमार असलेली मुंबई नागपुरात ८० धावांनी हरली, हे त्या मताचे लेखक सोयीस्कर विसरले. त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळींचा विक्रम केला.

राहता राहिला आम्हा इथल्या विदर्भसमर्थकांना मारलेला 'भिलाईकडच्यांना काय कळते क्रिकेट' हा टोमणा. भिलाईचे राजेश चौहान २१ कसोटी खेळले. त्यांपैकी एकही भारताने गमावली नाही. पुढच्या वेळी आधी धावफलक पाहावा.

– एक विदर्भसमर्थक वाचक, पद्मनाभपूर, दुर्ग-भिलाई